सांगलीचा पूर आणि कट्ट्यावरचे ठाम निष्कर्ष

२६ जुलै २००५ला मुंबई बुडाली, ती बेसुमार बांधकामांनी मिठी नदी आवळली म्हणून, हे आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच पावसाळ्यात सांगलीही बुडाली. तिथे मात्र दोष कृष्णेचा, नाहीतर धरणांचा. वाढत्या शहराचं दुखणं राजधानीचं, आपलं नव्हे, हा पहिला गैरसमज. सांगलीही वाढतं शहरच आहे; २०११च्या जनगणनेतच सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांवर होती.

‘अलमट्टीमुळेच पूर येतो.’ २०१९च्या महापुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला आणि हिप्परगी बंधाऱ्याला त्या पुराचं कारण मानलं नाही. हे सगळ्यांना पटलेलं नाही, वाद चालूच आहे. ‘मग कोयना धरणातून पाणी सोडलं म्हणून!’ हे अर्धं खरं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं. पण धरणांच्या खाली, सातारा जिल्ह्यापासून सांगलीपर्यंत कोसळणारा पाऊस कुठला दरवाजा अडवणार? त्यात हरिपूरला वारणा मिळते. तीही फुगलेली असली की सांगलीचं पाणी लवकर हटत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज निळ्या पूररेषेचा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ही रेषा. ‘म्हणजे २००५ला येऊन गेला, आता निवांत.’ तसं नसतं. त्या पातळीच्या पुराची शक्यता दर वर्षी चार टक्के धरलेली असते, आणि काल पूर आला म्हणून उद्याची शक्यता घटत नाही. २०१९नंतर दोनच वर्षांत २०२१चा पूर आलाच. त्या रेषेवर घर घेऊन वीस वर्षांचं कर्ज काढलं, तर हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, सुमारे ५६ टक्के. बँकेच्या कागदात हा आकडा कुणी लिहीत नाही.

सांगलीतल्या शामरावनगरला तर बुडायला नदीचीही गरज पडत नाही. सखल भाग, काळी माती, गुंठ्या-गुंठ्याने विकलेले प्लॉट. साध्या पावसाचं पाणीही तिथे साचून राहतं. २००१च्या गुंठेवारी कायद्याने असे प्लॉट नियमित करायची वाट काढली, पण त्याने जमिनीला उतार येत नाही.

राहता राहिली सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, म्हणून तोवर घाबरायचं कारण नाही, असं कोरड्या गल्लीत राहणारा म्हणतो. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातली कुटुंबं त्याआधीच गाठोडी बांधायला लागलेली असतात.