सहा टाक्यांचा हत्ती

६, १२, १८, २४. मग पाच वेळा ३०. मग २४, १८, १२, ६.

हा एक चेंडू आहे. प्रत्येक आकडा म्हणजे एक फेरी आणि त्या फेरीतले टाके. तेरा फेऱ्या, सगळे मिळून २७० टाके, लोकरीचा एकच सलग धागा आणि कुठेही शिवण नाही. ज्यांनी क्रोशाची सुई कधी हातात धरली नाही त्यांना ही पाढ्याची ओळ वाटेल, आणि ती आहेच. सहाचा पाढा वर चढतो, थोडा वेळ सपाटीवर चालतो आणि चढला तसा उतरतो. पण हेच आकडे एकही न चुकवता विणत गेलं की हातात लिंबाएवढा घट्ट, गोल गोळा येतो. आजवर असे कितीतरी गोळे विणले, तरी सातव्या-आठव्या फेरीला कडा आपसूक वर उचलायला लागते तेव्हा माझा हात क्षणभर थांबतोच.

विणून, आत कापूस भरून केलेल्या या छोट्या खेळण्यांना जपानीत अमिगुरुमी म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणलेलं, ‘नुइगुरुमी’ म्हणजे शिवून आत भरलेलं खेळणं. दोन्ही शब्द एकमेकांत गुंतून हा तिसरा झाला. सुयांवरही अशी खेळणी होतात आणि देखणी होतात, पण बहुतेक जण क्रोशाच घेतात. सुयांवर ओळीतले सगळे टाके एकाच वेळी मोकळे असतात, एक निसटला की खालपर्यंत शिडी पडत जाते. क्रोशात मात्र कुठल्याही क्षणी सुईवर एकच टाका जिवंत असतो, बाकीचे आपापल्या जागी बंद झालेले असतात. म्हणून मनात येईल तिथे वळता येतं, मधूनच कान काढता येतो, आणि दाराची बेल वाजली तर काम तसंच ठेवून उठता येतं.

माझ्याकडे क्रोशा आला तो रुखवतातून. आमच्या आत्याने घरातल्या किती मुलींच्या रुखवतासाठी तोरणं आणि ताटावरचे रुमाल विणले याची मोजदाद नाही. तिने मला चार शब्द दिले: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. खांब उंच असतो, कारण सुई टाक्यात घालायच्या आधी तिच्यावर धाग्याचा एक वेढा घेतात. मुक्या खांबात तो वेढा नाही. सुई आत, धागा ओढून बाहेर, सुईवर दोन फासे, पुन्हा धागा, दोन्हींतून ओढून घेतला की झाला. बुटका, जाड, एकमेकाला बिलगून बसणारा टाका. रुमालाच्या जाळीत त्याला फारसं काम नसतं. अमिगुरुमीचं जवळजवळ सगळं राज्य त्याचंच आहे, कारण त्याच्या भिंतीतून आतला कापूस दिसत नाही.

आता सहाच का? पाच का नाही, आठ का नाही? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता, आणि उत्तर कळलं तेव्हा मी विणलेल्या सगळ्या वस्तूंकडे पुन्हा नव्याने पाहिलं.

मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. एक फेरी वाढली म्हणजे वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली. शाळेतलं सूत्र सांगतं की त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पायने वाढतो, म्हणजे ६.२८ ने. पाव टाका काही विणता येत नाही, म्हणून सहा. तेवढे वाढवले की चकती सपाट राहते. खांबाची उंची मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट, म्हणून त्याच्या फेरीत बारा वाढवावे लागतात, आणि मधल्या अर्ध्या खांबाला आठ. आत्याच्या रुमालात दर फेरीला बारा वाढायचे. ती ते ‘बसतात म्हणून’ वाढवायची. पायची किंमत तिच्या बोटांना ठाऊक होती, तिचं नाव तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

मग या सहाशी खेळायचं. दर फेरीला सहापेक्षा कमी वाढवले तर कडेला कापड अपुरं पडतं आणि चकती वाटीसारखी वर वळते. काहीच वाढवलं नाही तर नळी. घटवत गेलं तर घुमट मिटतो. आणि सहापेक्षा जास्त वाढवले तर? कडेला इतकं कापड साठतं की ते सपाट राहूच शकत नाही, त्याच्या चुण्या पडतात, कोंबड्याच्या फुलासारखी झालर होते.

या शेवटच्या प्रकाराने गणितज्ञांची एक जुनी अडचण सोडवली. ज्या पृष्ठभागावर एका बिंदूतून एका रेषेला कितीही समांतर रेषा काढता येतात, ते हायपरबोलिक प्रतल एकोणिसाव्या शतकापासून कागदावर सिद्ध होतं, पण ते हातात घेऊन दाखवणं कठीण. विल्यम थर्स्टन यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्याचं मॉडेल करायची रीत सांगितली होती, पण कागद नाजूक. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना तायमिना, मूळच्या लॅटव्हियाच्या, यांनी ते विणून पाहिलं. आधी सुयांवर, पण टाके इतके वाढले की सुईवर मावेनात. मग त्यांनी क्रोशा घेतला, ज्यात एकच टाका सांभाळायचा असतो, आणि ठरावीक टाक्यांनंतर एक जादा टाका घालत गेल्या. झालर तयार झाली. ती मुडपली की घडी पडते ती त्या जगातली सरळ रेषा. घडीवर रंगीत दोरा घातला की एका बिंदूतून निघालेल्या, पहिल्या रेषेला कधीच न भेटणाऱ्या तीन-चार रेषा डोळ्यांना दिसतात. विद्यार्थ्यांना त्या प्रतलावरून बोट फिरवता आलं. पुढे २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मार्गरेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी याच झालरींपासून प्रवाळाचं अख्खं बेट विणायला घेतलं, कारण समुद्रातल्या प्रवाळांच्या आणि गोगलगायींच्या कडा अशाच चुणीदार असतात.

म्हणजे ज्या आकड्यांनी चेंडू होतो त्यांतच थोडा फेरफार केला की समुद्राचा तळ होतो. हे कळल्यावर मी तयार नमुने बाजूला ठेवले आणि स्वतःचा प्राणी आखायला बसले.

निमित्त बाळंतविड्याचं होतं. भाचीला बाळ झालं होतं. टोपडं, मोजे, दुपटं विणून झालं होतं आणि करडी लोकर उरली होती, म्हणून हत्ती. वहीत आधी चित्र काढलं, मग चित्राचे तुकडे पाडले: डोकं गोळा, अंग अंड्यासारखं, पाय चार नळ्या, कान दोन सपाट चकत्या. बहुतेक प्राणी अशाच गोळ्या-नळ्यांत मोडतात. डोक्याची एकच अडचण आली. प्रत्येक फेरीतली वाढ मी आधीच्या वाढीच्या बरोबर डोक्यावर ठेवत गेले आणि गोळ्याला सहा कोपरे आले, वरून पाहिलं तर मधमाशीच्या पोळ्यातलं घर. उसवलं. एका फेरीआड वाढीच्या जागा मधे सरकवल्या की कोपरे पांगतात आणि गोळा गोल होतो.

सोंडेपाशी मात्र मी दोन संध्याकाळी अडकले. नळी सोपी, बारा टाके फेरीमागून फेरी. पण सोंड वळायला हवी, आणि शिवून वळवलेली सोंड मला नको होती. विणीतच वळण हवं होतं. बारा टाक्यांपैकी सहा मुके खांब आणि समोरचे सहा अर्धे खांब. टाके तेवढेच राहिले, एकही वाढ नाही, एकही घट नाही. पण अर्ध्या खांबांची बाजू दर फेरीला थोडी जास्त उंच होते, मुक्यांची आखूड राहते, आणि नळी आखूड बाजूकडे झुकते. बैलगाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, तेच. पाचव्या फेरीला सोंडेने पहिल्यांदा मान वाकवली तेव्हा मी एकटीच घरात होते आणि तरीही मोठ्याने ‘अगं’ म्हणाले.

दहाव्या फेरीला ती पिळवटायला लागली. वळण समोर राहण्याऐवजी जिन्यासारखं बाजूला सरकत चाललं होतं. मोजलं, टाके बरोबर. पुन्हा मोजलं. चूक टाक्यांची नव्हती. उजव्या हाताने गोल विणताना प्रत्येक मुका खांब खालच्या टाक्याच्या नेमका डोक्यावर बसत नाही, जरासा उजवीकडे कलतो. एका फेरीत ते दिसतही नाही, दहा फेऱ्यांत ते साचतं. जे या कामात मुरलेत ते डोळे, कान, रंगाची पट्टी आखताना हा कल आधीच हिशेबात धरतात. मी पुन्हा उसवून, दर दोन-तीन फेऱ्यांनी वळणाची जागा एक टाका पुढे नेली. सोंड नाकासमोर आली.

भरण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाटतं त्यापेक्षा जास्त भरायचं, कापूस पिंजून, चिमटी-चिमटीने, आणि लोकरीच्या वेष्टनावर छापलेल्या मापापेक्षा बारीक सुई वापरायची म्हणजे वीण ताणली तरी भोकं पडत नाहीत.

इथवर सगळं गणित होतं. डोळे लावायच्या वेळी गणित संपतं. म्हणजे मला तसं वाटायचं. काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या घेऊन मी त्या हत्तीच्या चेहऱ्यावर खोचल्या, आधी वर, एकमेकींजवळ. समोर एक वयस्कर, काहीसा संशयी हत्ती बसला होता. टाचण्या काढून मध्यरेषेच्या खाली, लांब लांब खोचल्या. तोच गोळा, तीच सोंड, आणि आता तो बाळ होता. एका टाक्याने आत घेतल्या तर बावळट, एका टाक्याने बाहेर नेल्या तर स्वप्नात. १९४३ मध्ये कोनराड लोरेन्ट्स या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने मांडलं होतं की मोठं डोकं, भरदार कपाळ आणि चेहऱ्यावर खाली असलेले मोठे डोळे दिसले की आपल्यात बाळाला जपण्याची ओढ जागी होते, मग ते पिल्लू माणसाचं असो की दुसऱ्या कुणाचं. म्हणूनच अमिगुरुमीतलं डोकं अंगाएवढं किंवा अंगाहूनही मोठं असतं. मला हे माहीत होतं. तरी टाचण्या खाली सरकवल्यावर माझ्या छातीत जे हललं ते माहितीने थांबलं नाही. शेवटी डोळे मी काळ्या दोऱ्याने भरले. अगदी लहान मुलाच्या खेळण्याला सुटून तोंडात जाईल असं काही लावायचं नसतं.

फाशांतून आकृती उभी करण्याचा हा ध्यास किती जुना आहे, हे पेरूमधलं एक वस्त्र दाखवतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये ते आहे, नाझ्का संस्कृतीचं, इसवी सन १०० ते ३०० या काळातलं. त्याच्या चारी काठांवर ९० चिमुकल्या आकृत्या उभ्या आहेत, माणसं, प्राणी, हातात रोपं घेतलेले कुणी. त्या एका सुईने, फाशात फासा अडकवत घडवल्यात. ते क्रोशाकामही नव्हे आणि सुयांवरचं विणकामही नव्हे, पण फाशांचंच कुळ. त्यातल्या एखाद्या इवल्या हाताची बोटं कुणीतरी मोजून केली असतील.

आणि क्रोशाचं काम आजही हातानेच होतं. सुयांवरच्या विणीचं यंत्र विल्यम ली यांनी इंग्लंडमध्ये १५८९ मध्येच केलं आणि मोजे यंत्रावर गेले. क्रोशाचं तसं झालं नाही. ही वीण प्रत्येक टाक्याला दिशा बदलू शकते, सुई मागच्या कुठल्याही टाक्यात शिरू शकते. कारखान्यांना ती अजून वश झालेली नाही. जत्रेत किंवा दुकानात क्रोशाचं बोटभर ससुलं दिसलं तर त्याचा एकेक टाका कुणाच्या तरी बोटांनी ओढलेला आहे.

हत्ती बाळाकडे गेला. वहीतले आकडे मी भाचीच्या सांगण्यावरून तिच्या मैत्रिणीला पाठवले. तिने ते शिवणाच्या बारीक सुती दोऱ्याने विणले आणि फोटोत तिच्या अंगठ्याच्या नखावर माझाच हत्ती उभा होता, तीच सोंड, तेच बाळ-डोळे. आकड्यांत कुठे लिहिलेलं नसतं की तो केवढा. ते फक्त कशाच्या मानाने काय हे सांगतात.

मागच्या महिन्यात आत्याकडे गेले तेव्हा वही पिशवीत होती. तिला आता जवळचं बारीक दिसत नाही, सुई सुटून तीन वर्षं झाली. मी पान उघडून दिलं, कसलं आहे ते सांगितलं नाही. तिने चष्मा लावून, भिंग धरून ओळीवरून बोट न्यायला सुरुवात केली, ओठांत पुटपुटत: सहा, बारा, अठरा. ‘हे डोकं,’ ती म्हणाली. पुढचं पान. बारा, सहा मुके, सहा अर्धे, पुन्हा बारा. बोट थांबलं. मागे गेलं, दोनदा. मग तिने मोकळ्या हाताने हवेतच, नाकापासून खाली आणि मग किंचित वर, एक रेघ काढली.

‘उजव्या सोंडेचा केलास की डाव्या?’