पक्क्या दाताला हवे कपभर दूध

आमच्या लहानपणी दात पडणे हा घरातला एक छोटासा सोहळाच असे. पडलेला दुधाचा दात आजीच्या हवाली करायचा, मग ती तो तुळशीत पुरायची. काही घरांत तो कौलांवर फेकायची रीत होती. नवा दात येणारच, हा भरवसा त्यामागे असे. पण पक्का दात मुळासकट निघून पडला तर काय करायचे, हे कुठल्याच आजीने सांगून ठेवले नव्हते. खरे सांगायचे तर आम्हा डॉक्टरांनीही ते कुठे सांगितले? त्या न सांगण्याची ही गोष्ट.

१९९६ सालचा मे महिना. तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणून जिल्ह्याच्या गावी माझा जम नुकताच बसू लागला होता. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एक अख्खे कुटुंब दवाखान्यात शिरले. अकरा वर्षांचा मुलगा, ओठ सुजलेला, शर्टावर रक्त. पाच वाजता मैदानात सीझन बॉल तोंडावर बसला होता. आधी रक्त थांबवायला एका दवाखान्यात, मग टाके घालायला दुसरीकडे, असे करत ते माझ्यापर्यंत आले. आजोबांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि अगदी जपून उलगडली. आत वरचा, पुढचा पक्का दात होता. मुळासकट, अखंड.

"डॉक्टर, मंजनानं घासून स्वच्छ करून आणलाय. पंचानं कोरडाही केलाय," आजोबा म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मला पुढे काही बोलवेना.

कारण दाताचा जीव दिसतो त्या पांढऱ्या भागात नसतो. मुळाभोवती तंतूंचे एक अस्तर असते, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे. दात हाडाला धरून राहतो तो या अस्तरामुळे. दात उपटून पडला तरी त्या अस्तराच्या काही पेशी मुळावर जिवंत असतात. कोरड्या हवेत त्या झपाट्याने मरू लागतात आणि तासाभराने त्यांच्यापैकी फारसे काही उरत नाही. आजोबांनी जे प्रेमाने घासून काढले, ते नेमके हेच अस्तर होते.

हे आम्हांला कळले ते प्रामुख्याने कोपनहेगनच्या डॉ. येन्स ओव्ह आंद्रेआसेन यांच्यामुळे. या डॅनिश मुखशल्यचिकित्सकाने आपले आयुष्य दातांच्या अपघातांना वाहिले. १९९५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा बसवलेल्या चारशे दातांचा हिशेब मांडला. त्यातून ठसठशीतपणे पुढे आले ते हे की, दात किती वेळ आणि कशात ठेवून आणला, यावर त्याचे भवितव्य ठरते. दूध या कामी उत्तम, हेही प्रयोगांनी दाखवले. दुधातील क्षारांचे प्रमाण त्या पेशींना मानवते, साध्या पाण्यात मात्र त्या फुगून फुटतात. २०२० साली आंद्रेआसेन गेले, पण आजही जगभरचे दंतवैद्य त्यांच्याच पायवाटेने चालतात.

मी तो दात बसवला, शेजारच्या दातांना बांधला. अशा दाताचे पुढे काय होते, हे मला ठाऊक होते. अस्तर मेले की हाड मुळाला थेट चिकटते, मग हळूहळू ते मूळ खाऊन त्या जागी हाडच भरते. वाढत्या वयात जबडा वाढतो, पण चिकटलेला दात तिथेच राहतो आणि आखूड दिसू लागतो. तसेच झाले. सतराव्या वर्षी त्याचा तो दात काढावा लागला. काही वर्षे तरी जागा राखली गेली आणि हाड टिकले, एवढाच काय तो लाभ.

पण माझी बोच वेगळीच आहे. त्याच वर्षी जानेवारीत त्याची आई त्याला घेऊन माझ्याकडे आली होती. दात बरेच पुढे होते. "शाळेत पोरं फावड्या म्हणून चिडवतात हो याला," ती म्हणाली होती. मी हसून सांगितले, "घाई नको, सगळे पक्के दात येऊ द्या, मग तार लावू." त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हे चुकीचे नव्हते. मात्र पुढे आलेल्या दातांना मार आधी बसतो, हे आम्हांला माहीत असायचे. १९९९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा दिसले की, वरचे दात खालच्यांपेक्षा तीन मिलिमीटरहून अधिक पुढे असतील, तर दुखापतीचा धोका सुमारे दुप्पट होतो. लवकर उपचार केल्यास हा धोका कमी होतो, हेही पुढे सिद्ध झाले. मुलगा मैदानात खेळतो का, एवढा एक प्रश्न मी विचारला असता, तर खेळताना दातांवर घालायचे रबरी कवच तरी सुचवता आले असते.

दातांची ठेवण आणि चेहऱ्याची इजा यांचे नाते आणखीही एके ठिकाणी दिसते. हिरडीखाली अडकलेली अक्कलदाढ जबड्याच्या कोपऱ्यात जागा अडवते, तिथले हाड कमकुवत होते. १९७८ साली माकडांच्या जबड्यांवर झालेल्या प्रयोगात, अशी दाढ असलेला जबडा सुमारे साठ टक्के जोरातच मोडला. म्हणून सगळ्यांनी दाढा काढाव्यात असे मुळीच नाही. दाढ नसेल तर तोच मार कानाजवळच्या सांध्यापाशी जबडा मोडण्याचा संभव असतो, आणि ते दुरुस्त करणे अधिक अवघड. दुचाकीवर हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट घालणे, हा त्यावरचा साधा उपाय.

त्या मुलानंतर मी शाळाशाळांतून बोलू लागलो. २००४ साली एका शाळेच्या मैदानावर एक मुलगी पडली. तिच्या बाईंना माझे बोलणे आठवले. त्यांनी समोरच्या टपरीवरून पिशवीतले न तापवलेले दूध पेल्यात घेतले, दात त्यात टाकला आणि रिक्षा केली. चाळीस मिनिटांत त्या माझ्या दारात होत्या. तो दात आजही तिच्या तोंडात आहे.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. डोक्याला मार असेल, उलटी किंवा गुंगी असेल, तर आधी रुग्णालय गाठा. तसे नसेल तर दात शोधा. तो पांढऱ्या भागाला धरूनच उचला, मुळाला बोट लावू नका. घासू नका, पुसू नका. माती लागली असल्यास दुधात हलकेच बुडवून काढा. जमत असेल तर लगेच त्याच खाचेत बसवा आणि स्वच्छ रुमाल दातांखाली दाबून धरायला सांगा. जमत नसेल तर थंड दुधात ठेवा आणि दंतवैद्याकडे धाव घ्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे त्यांना विचारा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला त्याने इजा होऊ शकते.

गेल्या वर्षी तो मुलगा आला. आता चाळिशीचा गृहस्थ, पडलेल्या दाताच्या जागी कृत्रिम दात. सोबत नऊ वर्षांची लेक.

"डॉक्टर, हिचेही दात माझ्यासारखेच पुढे आहेत. थांबायचं का?"

"नाही," मी म्हणालो, आणि पोरीला विचारले, "काय गं, खेळतेस का मैदानात?"