तांब्याची कुऱ्हाड मोडीत घालू नका

आमचं हिवरखेडला भांड्यांचं दुकान आहे. नवं भांडं विकायचं आणि जुन्याची मोड घ्यायची, हा घरचा धंदा. मोडीत दोनच गोष्टी पाहायच्या: वजन आणि भाव. घागरीवर कोणाचं नाव कोरलंय, ती कोणत्या लग्नात आली, हे तराजू विचारत नाही. धंद्याला ते ठीकच आहे. पण वखराला लागलेली, मातीनं भरलेली तांब्याची पट्टी कोणी पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "पाहा ना भाऊ, पावभर तं भरंनच," की मी आधी विचारतो, "कुठच्या वावरात सापडली?" बहुतेक वेळा ते जळक्या मोटारीचं काहीतरी निघतं. माणूस वैतागतो. तरी विचारायचं मी सोडलेलं नाही, आणि त्याला कारण आहे गुंगेरिया.

गुंगेरिया हे बालाघाट जिल्ह्यातलं खेडं. १८७० साली तिथं गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत धातू दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीच्या १०२ पातळ चकत्या हाती आल्या. चांदीतल्या काही चकत्या गोल, तर काही शिंगं असलेल्या बैलाच्या मुंडक्याच्या आकाराच्या. नुसतं तांबंच ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरलं. त्यात चपट्या कुऱ्हाडी होत्या आणि पहारीच्या घाटाची लांब, जड पाती होती. यातल्या काही वस्तू नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आल्या. काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या.

या कुऱ्हाडीला दांड्यासाठी भोक नसतं. चिरलेल्या लाकडात पातं खोचायचं आणि वादीनं करकचून आवळायचं. धातू जवळजवळ निव्वळ तांबं. तांबं मऊ असतं, मग त्याचं हत्यार होतं कसं, असं शिकलेली माणसंही विचारतात. कोणत्याही तांबटाला विचारा. तांबं ठोकत गेलं की कडक होतं. जास्त ठोकलं तर तडकतं, म्हणून मधे तापवून मऊ करायचं आणि परत ठोकायचं. कुऱ्हाडीची धार अशीच ठोकून चढवायची. पुढं तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील मिसळायची युक्ती माणसाला साधली आणि कासं झालं. ते जास्त टणक आणि ओतायलाही सोपं. जगाच्या इतिहासात ज्याला कांस्ययुग म्हणतात, ते या मिश्रणावर उभं आहे.

आता गंमत बघा. पावणेचारशे किलो तांबं सापडलं, पण त्याच्याबरोबर ना खापर, ना चूल, ना हाडं. त्यामुळं काळाचा नेमका पत्ता लागत नाही. इसवी सनापूर्वीचं दुसरं सहस्रक, एवढ्या ढोबळ अंदाजावर भागवावं लागतं. उलट पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या चांडोलीला १९६०च्या सुमारास डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी उत्खनन केलं. तिथं तांब्याचा खंजीर मिळाला. पात्याला मधोमध उंच कणा, मुठीच्या टोकाला दोन फाटे. पण तो ज्या थरात होता त्यात जोर्वे संस्कृतीची रंगीत खापरं होती, शेजारी घरं आणि दफनं होती. म्हणून तो साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या गावातला, हे सांगता येतं. माझ्या मते तो एकटा खंजीर गुंगेरियाच्या साऱ्या ढिगाला भारी आहे.

चांडोलीला तांब्याचे मणीही सापडले, जवसाच्या धाग्यात ओवलेले. एवढी वर्षं धागा टिकला कसा? तांब्याला चढणाऱ्या हिरव्या कळंकानं तो राखला. तांब्याचे क्षार सूत कुजवणाऱ्या जंतूंना जगू देत नाहीत. आमच्याकडं मात्र जुनं तांबं हाती आलं की पहिलं काम चिंच आणि राख घेऊन घासायचं. घासून लखलखीत केलेल्या हत्याराचा अर्धा पुरावा मोरीतून वाहून गेलेला असतो.

विलायतेत हल्ली अशी हत्यारं बरेचदा हौशी मंडळींना मेटल डिटेक्टरवर सापडतात. यंत्राच्या चकतीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं, जमिनीतल्या धातूत त्यानं वीज फिरते आणि तिचा प्रतिसाद यंत्र ऐकतं. नॉरफोकमधला ईस्ट रुडहॅमचा कांस्य खंजीर मात्र नांगराला लागला होता. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ते हत्यार मालकानं कित्येक वर्षं दार अडवायला वापरलं! २०१४ साली नॉर्विचच्या संग्रहालयानं ते सुमारे एकेचाळीस हजार पौंडांना घेतलं.

आपल्याकडं डिटेक्टर म्हटलं की गुप्तधन आठवतं. अमावस्या, लिंबू, बोकड आणि रात्रीची खोदाई. त्या अघोरी प्रकारांवर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. शिवाय खडकातल्या लोखंडामुळं आमच्या काळ्या मातीत यंत्र उगाच वाजतं, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की वरची वस्तू खालच्या थरात जाते. खड्डा मारून वस्तू उपसणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

आणि वऱ्हाडात सापडण्याजोगं आहे काय, असं म्हणू नका. चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला १९८४-८५ साली भा. पु. बोपर्डीकरांनी उत्खनन केलं, तेव्हा जोर्वे काळातली वस्ती उघडी पडली. आमच्या शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठी भोनला विटांचा स्तूप निघाला. अशा जागांची पांढरी माती आपण खत म्हणून गाड्या भरभरून वावरात टाकतो, आणि तिच्याबरोबर काय काय जातं ते कोणी पाहत नाही.

कायदा जुना आहे, १८७८चा निखात निधी अधिनियम. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. धनी निघाला नाही आणि आपसात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारनं ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूच्या किमतीवर पाचवा भाग जादा देतात. लपवलं तर हिस्साही जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

तेव्हा वावरात हिरवट, जड पातं दिसलं तर पुढं खणू नका, घासू नका. जागेचा फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा, आसपासची खापरं तशीच राहू द्या आणि तलाठ्याला सांगून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे तहसीलला अर्ज द्या. माझ्या दुकानात आणलं तर मी ते तराजूवर ठेवणार नाही. अर्ज मात्र लिहून देईन.