वर्तुळ निर्मलचे, प्रश्न नांदेडचा

निर्मलची लाकडी खेळणी आपल्या सीमाभागाला नवी नाहीत. त्यांतले एखादे गोल फळ हातात घ्या. त्यावर टाचणी रोवा, टाचणीला दोरा बांधा, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल लावून ती फिरवा. फळाच्या अंगावर वर्तुळ उमटेल. पृथ्वीवरचे वर्तुळही असेच असते : एका गावापासून सारख्या अंतरावरच्या सगळ्या जागा. पण संगणकाकडे ना टाचणी, ना दोरा. त्याने ते काढायचे कसे?

नवखा प्रोग्रामर सोपी वाट धरतो. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, असे धरून तो किलोमीटरचे अंश करतो आणि चारही दिशांना तेवढेच मोजतो. फसगत होते ती इथेच. उत्तर-दक्षिण हा हिशेब जमतो. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींजवळ येतात. निर्मल १९ उत्तर अक्षांशाजवळ आहे. तिथे रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरच भरतो.

सहा किलोमीटरांनी काय बिघडते? नांदेड निर्मलच्या जवळजवळ सरळ पश्चिमेला, हवाई अंतराने ११० किलोमीटरच्या आसपास आहे. निर्मलभोवती ११२ किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर नांदेड आत यायला हवे. सोप्या वाटेने काढलेले वर्तुळ मात्र पश्चिमेला १०६ किलोमीटरवरच थांबते आणि नांदेड बाहेर राहते! एखाद्या सेवेची हद्द किंवा अर्जातली अंतराची अट अशा वर्तुळावरून ठरत असेल, तर एका शहराचा हक्क चुकीच्या गणितात जाईल.

योग्य रीत अशी. ११२ ला पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६३७१ ने भागा. सुमारे एक अंशाचा कोन येतो. त्याला ‘अंतरकोन’ म्हणू. आता उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने दर पाच अंशांवर एक, अशा ७२ दिशा घ्या. प्रत्येक दिशेसाठी दोन पायऱ्या :

पहिली, केंद्राच्या अक्षांशाची साइन गुणिले अंतरकोनाची कोसाइन. त्यात केंद्राच्या अक्षांशाची कोसाइन, अंतरकोनाची साइन आणि दिशेची कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. ही नव्या बिंदूच्या अक्षांशाची साइन.

दुसरी, दिशेची साइन गुणिले अंतरकोनाची साइन, भागिले नव्या अक्षांशाची कोसाइन. ही रेखांशातल्या फरकाची साइन.

पश्चिमेला हा फरक १.०७ अंश येतो. सोप्या वाटेने १.०१ येत होता. नांदेड आत आले! ७२ बिंदू ओळीने जोडून शेवटचा पहिल्याला जोडला की वर्तुळ पूर्ण. ध्रुवाला वेढणाऱ्या वर्तुळांना मात्र वेगळी काळजी लागते.

हे गणित आपल्या मुलखाला परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त गोलाध्याय हा स्वतंत्र भागच आहे. साइनला आपल्याकडे ‘ज्या’ म्हणत. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेली. १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. त्या काळी असे त्रिकोण हातानेच सोडवावे लागत.

पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांशी किंचित चपटी आहे. त्यामुळे या उत्तरातही थोडा फरक राहतो. पण तो सहा किलोमीटरांचा नक्कीच नव्हे.

अकरावी-बारावीची मुले हा प्रोग्राम सहज लिहू शकतील. लिहून झाल्यावर प्रत्येक बिंदूपासून निर्मलचे अंतर उलट मोजून पाहावे. बहात्तरही वेळा ११२ आले, तरच वर्तुळ खरे.