गाडीच्या पोटाखालचे चिलखत

खडकाळ वाटेवर गाडीचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेले, गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘चेंबर’ म्हणतात ते तेलाचे पात्र. ते फुटले की तेल गळून इंजिन जाम होऊ शकते, म्हणून त्याखाली स्किड प्लेट, म्हणजे दगडावरून घसरत जाणारी जाड संरक्षक तबकडी, बसवतात. 3 मिमी जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे 23.5 किलो भरतो, तर दुप्पट जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा 16 किलोच. मात्र मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये दगडाची धार रुतून गाडी अडखळते, तर पोलाद तिला पुढे सरकू देते, त्यामुळे वारंवार खडकावर जाणाऱ्याने वजन सोसून पोलादच घ्यावे. धातूइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, जोडणी महत्त्वाची असते: तबकडी चॅसिसच्या दांड्यांना बांधलेली असावी आणि बोल्टांची डोकी खोलगट खाचांत बुडालेली असावीत, नाहीतर ती पहिल्याच दगडावर घासून झिजतात आणि मग पाना लागत नाही. तेल सोडण्यासाठी भोक, हवेसाठी झरोके हवेतच. साचलेला चिखल आणि सायलेन्सरच्या नळीजवळ अडकलेले वाळके गवत (ते पेटूही शकते) वेळोवेळी काढावे लागते.