बिडाचं इंजिन, उलटे आटे

जुनी बुलेट दुरुस्तीला आली की बहुतेक गॅरेजांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हाफ इंजिन करायचं की फुल?" हाफ म्हणजे हेड आणि सिलिंडर उतरवून पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह बघायचे. फुल म्हणजे क्रँककेस फोडून थेट कनेक्टिंग रॉडपर्यंत जायचं. गाडीला नेमकं झालंय काय, हे विचारायच्या आत पाने बाहेर आलेले असतात. या इंजिनांचं जेवढं नुकसान झिजेनं झालं असेल, त्याहून जास्त ती विनाकारण उघडल्यानं झालं, असं माझं ठाम मत आहे. बुलेटचं जुनं इंजिन घरी बांधता येतं आणि उत्तम बांधता येतं; फक्त त्यातला निम्मा वेळ ते न उघडता त्याच्याकडून माहिती काढण्यात जायला हवा.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच नावाचं गाव आहे. सुया बनवण्यासाठी ते प्रसिद्ध होतं, आणि रॉयल एनफिल्डची मुळंही अशाच एका सुयांच्या कारखान्यात सापडतात. ३५० सीसीची बुलेट तिथे चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय लष्कराला दणकट मोटरसायकली हव्या होत्या. त्यातून १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली आणि एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथे जोडले जायचे, मग हळूहळू सगळंच इथे बनू लागलं. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, १९७० मध्ये मूळ कंपनीचाही कारभार आटोपला. मद्रासला मात्र हे इंजिन कालबाह्य झालंय असं कुणी कळवलं नसावं. किरकोळ फेरफार होत ते बनतच राहिलं, आणि प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर २०१० च्या आसपास थांबलं.

म्हणूनच पन्नास वर्षांच्या अंतरानं बनलेल्या दोन बुलेटींचे कितीतरी भाग आज एकमेकींना बसतात. पुण्यात नाना पेठेत चक्कर मारली तर टॅपेटपासून क्रँकपिनपर्यंत जवळपास सगळं मिळतं. अस्सल आणि नक्कल एकाच काउंटरवर, एकसारख्याच खोक्यात मिळतं, ही त्याची दुसरी बाजू. नवा भाग घेताना जुना खिशात असावा आणि व्हर्नियर हातात असावा. खोक्यावरच्या छपाईवर माझा विश्वास नाही.

इंजिनाचा स्वभाव त्याच्या मापांत आहे. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, मिळून ३४६ सीसी. पिस्टन रुंदीच्या मानानं लांब धावतो, फ्लायव्हील जड, कॉम्प्रेशन जेमतेम साडेसहास एक, आणि ताकद साधारण साडेपाच हजार फेऱ्यांना १८ अश्वशक्ती. हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालावं असा बेत होता. या इंजिनावर ताण कमी पडतो, म्हणून ते चुका पोटात घालतं. सिलिंडर बिडाचा, म्हणजे झिजला की लेथवर मोठा करून मोठ्या मापाचा पिस्टन घालायची सोय. गिअरबॉक्स वेगळ्या कवचात, त्यामुळे इंजिनासाठी गिअर उघडावे लागत नाहीत. टेबलावर दोन माणसांनी उचलून ठेवावं एवढाच त्याचा पसारा.

आता न उघडता काय काय कळतं ते बघू.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर एक लहानसा अँपिअर मीटर असतो. पुष्कळांना तो शोभेचा वाटतो. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबत गेलं की पॉइंट मिटलेले असताना काटा उणेकडे झुकतो आणि उघडले की मधे येतो. काटा हललाच नाही तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा त्यांवर मळ बसलाय, किंवा वायर तुटलीय. सतत उणेकडेच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत. एकही पाना न लावता निम्मी वीजव्यवस्था तपासून झाली. जुने लोक गाडी चालू करतानाही याच काट्याचा आधार घेत : काटा मधे येईपर्यंत किक आणायची, डीकॉम्प्रेसर, म्हणजे दाब सोडणारा हेडमधला व्हॉल्व्ह, दाबून पिस्टन जरा पुढे ढकलायचा, किक वर घ्यायची आणि मग एकच पूर्ण, निर्धास्त किक. लाथांचा सपाटा लावणाऱ्याला ही गाडी कधीच वश झाली नाही.

कॉम्प्रेशनही पायाला कळतं. इग्निशन बंद ठेवून, डीकॉम्प्रेसरला हात न लावता किकवर उभं राहायचं. चांगलं इंजिन क्षणभर माणसाचं वजन पेलतं आणि मग सावकाश खाली सोडतं. पाय सरळ खाली गेला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा बघावं. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर गेलाय. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. पण त्याही आधी डीकॉम्प्रेसरची केबल बघावी. ती जास्त ताणलेली असली की हेडमधला तो चिमुकला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो आणि सगळा दाब तिथून निसटतो. एवढ्याशा केबलपायी बोअर करून बसलेल्या गाड्या आहेत.

चालती गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर बंद पडते आणि थोड्या वेळानं काही न करता चालू होते, ही तक्रार नेहमीची. कारणं निदान तीन. कॉइल तापून दम सोडते. कंडेन्सर बिघडून पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडतात आणि प्लगला काही उरत नाही. किंवा टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजून पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. तिन्हींची लक्षणं सारखीच. फरक बंद पडल्या क्षणीच कळतो : प्लग काढून ठिणगी बघायची आणि टाकीचं झाकण उघडून हवा आत ओढल्याचा आवाज येतो का ऐकायचं. आधी चहा घेऊ, मग बघू म्हटलं की कॉइल थंड होते, टाकीत हवा शिरते आणि पुरावा नाहीसा होतो.

सगळ्यात जास्त इंजिनं मात्र धुरापायी उघडली गेली आहेत. त्यासाठी तेलाची वाट समजून घ्यायला हवी. या इंजिनाचं तेल तळाशी साठत नाही. त्याची टाकी क्रँककेसच्याच ओतीव कवचात मागच्या बाजूला वेगळी केलेली आहे. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप असतात. एक टाकीतलं तेल बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाकडे पाठवतो. दुसरा, जास्त क्षमतेचा, खाली गळलेलं तेल उपसून परत नेतो. दोन्ही पंपांत एकेक गोल चकती सपाट जागेवर घासत फिरते, आणि ती चकती तेल अडवूनही धरते. चकती झिजली की गाडी चालू असताना फारसं बिघडत नाही. पण महिनाभर उभी राहिली की टाकीतलं तेल झिरपून खालच्या खोलीत भरतं. मग पहिल्या किकला गल्ली दिसेनाशी होईल एवढा निळा धूर निघतो. मालक घाबरतो, "रिंगा गेल्या" असं निदान होतं आणि सिलिंडर खाली येतो.

खरं तर पाचेक मिनिटांत धूर ओसरला तर रिंगांना हात लावायचं कारण नाही. उभ्या गाडीचा तळाचा बोल्ट खोलून खाली उतरलेलं तेल काढून बघावं; भरपूर निघालं तर दोष पंपात आहे. पंपाची झाकणं बाहेरूनच उघडतात. जाड काचेच्या तुकड्यावर बारीक ग्राइंडिंग पेस्ट घेऊन चकती इंग्रजी आठच्या आकारात घासायची. सगळीकडे एकसारखी करडी झाक आली की ती सपाट झाली. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये, म्हणून रॉकेलनं, ते न मिळाल्यास डिझेलनं, दोनदा धुवायची. घरी करण्यासारखं याहून समाधानाचं काम मला या गाडीत दुसरं सापडलेलं नाही. क्रँककेसची हवा सोडणारी रबरी चोच कडक झाली तरी सांध्यासांध्यांतून तेल पाझरायला लागतं. त्यावर लोक पॅकिंगला लाल-काळं सोल्यूशन थापत राहतात आणि तीच थापलेली घाण सुटून तेलाच्या वाटेत अडकते.

एवढं करूनही उघडायची वेळ आली, तर आवाजानं ठरवावं किती खोल जायचं ते. थंड इंजिनात वाजणारा आणि तापल्यावर कमी होणारा टकटकाट पिस्टनचा. तेवढ्यासाठी फुल इंजिनाची गरज नाही. तापल्यावर वाढणारा, चढावर पोटातून येणारा ठोका बिग एंडचा. सिलिंडर निघाल्यावर रॉड धरून बघावा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वर-खाली जरासुद्धा हलता कामा नये. या इंजिनाच्या बिग एंडला रोलर नाहीत, तरंगता बुश आहे. तो सगळा तेलाच्या भरवशावर असतो.

खोलताना दोन जागी घात होतो. सिलिंडरचे नट काढले, हातोडी-लाकूड लावून झालं, तरी सिलिंडर हलत नाही. कारण टॅपेटच्या झाकणाआड एक नट लपलेला असतो. तो न बघता जोर लावला की बिडाची पाकळी तुटते. दुसरी जागा क्रँकच्या टायमिंगकडच्या टोकाला. पंपांना फिरवणारा वर्म तिथे बसतो आणि त्याला उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेनं फिरवत गेलं की तो आणखी आवळत जातो. पुढे छिन्नी येते, घण येतो, आणि शेवटी क्रँकचेच आटे जातात. जुन्या इंजिनात त्या वर्मवर छिन्नीचे वण दिसले की आधी कुणाचा हात फिरलाय ते कळतं.

सिलिंडर घेऊन लेथवाल्याकडे जावंच लागतं. कोल्हापुरात उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कामावर हात बसलेले लोक आहेत, आणि बुलेटचा बिडाचा सिलिंडर त्यांना परका नाही. चांगला लेथवाला सिलिंडर बघायच्या आधी विचारतो, "पिस्टन आणलाय का, साहेब? आधी पिस्टन, मग बोअर." छापील मापावर बोअर मारून देणाऱ्याकडून सिलिंडर परत घ्यावा. आपणही बोअर वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा. झीज कधी गोल नसते. क्रँक दाबून वेगळा करणं, नवा बुश घालून सरळ करणं हेही त्यांचंच काम, घरच्या हातोडीचं नाही. रिंगांची फट मात्र आपण तपासावी : रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधलं अंतर फीलर गेजनं घ्यायचं. ७० मिलिमीटरच्या बोअरला ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवं. व्हॉल्व्ह पेस्टनं घासून झाले की पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवावं. बसकीतून ओल दिसली तर पुन्हा घासावेत.

बांधताना घाई होते ती टायमिंग कव्हरपाशी. तेल क्रँकमध्ये नेणारी एक बारीक नळी कव्हरमधून आत जाते आणि तिच्यावर रबराचं छोटं सील असतं. ते विसरलं, उलटं बसलं किंवा जुनंच ठेवलं, तर बाहेरून काहीच कळत नाही. गाडी सुरू होते, आवाज गोड येतो, आणि बिग एंड उपाशी राहतो. नव्या बुशवर खर्च करून शंभर-दोनशे किलोमीटरांत पुन्हा ठोका आलेल्या इंजिनांत मी आधी इथेच संशय घेतो.

टायमिंगचा क्रम बदलू नये. पॉइंटची फट आधी, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, मग टायमिंग. फट नंतर बदलली की टायमिंगही सरकतं. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट नुकते उघडायला हवेत, ॲडव्हान्सची वजनं मिटलेली असताना. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरला की तो सुटतो तोच क्षण. प्लगचं भोक तिरकं असल्यानं स्पोकची तार घालून काढलेलं माप फसवतं. हेड उतरलेलं असतानाच पिस्टनवर नीट मोजून डावीकडे रोटरवर आणि केसवर खूण करून ठेवावी, म्हणजे पुढे हेड न काढता काम होतं. ठिणगी फार लवकर पडली तर किक उलटी मारते. बुलेटवाल्यांच्या घोट्यांचा बराचसा इतिहास एवढ्यातच आहे.

टॅपेट थंड इंजिनावर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना लावतात. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तापल्यावर सिलिंडर आणि हेड वाढतात आणि लागेल तेवढी जागा आपोआप होते.

पहिल्यांदा चालू केल्यावर हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून बघावा. तेल झिरपलं तर उपसणारा पंप चालतोय. ती नळी त्याच्याच वाटेवर आहे, त्यामुळे बिग एंडकडच्या तेलाची खात्री तिथे होत नाही. ती टायमिंग कव्हरवरचा प्लग सैल करून वेगळी घ्यावी लागते. मग थोडं फिरवून आणायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं. नवं पॅकिंग बसलेलं असतं, त्यामुळे हेडचे नट थोडे थोडे, समोरासमोरच्या जोडीनं पुन्हा आवळायचे. हेड केसभर खाली उतरलं की टॅपेटची जागा संपते, म्हणून ते त्याच दिवशी पुन्हा लावायचे.