चीरकाची पाठ

फेब्रुवारीतली सकाळ. अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेत, विहिरीच्या कठड्यापासून दहा-बारा हातांवर मी पालथा पडून आहे. कॅमेऱ्याखाली ज्वारी भरलेली कापडी पिशवी आहे आणि तिच्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स टेकवली आहे. आंबे बहराची फुलं उमलली आहेत, सगळ्या बागेत त्यांचा वास भरला आहे. कठड्याच्या एकाच दगडावर विष्ठेचे पांढरे ठिपके दाट पडलेत. तीच चीरकाची ठरलेली बैठक. काल तो इथेच तीनदा आला होता, आजही येणार.

आखाड्यावरून शेतमालक येतात आणि थोडं लांबच थांबतात.

"दादा, कायचे फोटो काढायलात?"

"त्या काळ्या पाखराचे, मामा."

"ते तर रोजचंच हाय. गोठ्यातबी येतं."

रोजचंच आहे, हे खरं. म्हणूनच तर मी त्याच्यासाठी इथे येतो.

इंग्रजीत 'रॉबिन' म्हटलं की तांबूस छातीचा युरोपातला पक्षी डोळ्यांसमोर येतो. तो पक्षी आपल्याकडे नाही. इंग्रजांनी इथे येऊन तेच नाव आपल्या दोन पक्ष्यांना दिलं. एक चीरक, म्हणजे इंडियन रॉबिन, लांबी सुमारे १६ सेंटिमीटर. दुसरा दयाळ, म्हणजे मॅगपाय रॉबिन, त्याच्याहून थोडा मोठा. चीरक माळाचा, बांधाचा, दगडधोंड्यांचा. दयाळ सावलीचा, बागेचा, परसातल्या झाडांचा. जालना जिल्ह्यात दोघंही भेटतात, पण दोघांचे फोटो काढण्याची रीत अगदी वेगळी.

चीरकाचा नर काळा. त्याचा डोळाही काळा. खांद्यावर पांढरा पट्टा आणि शेपटीखाली विटकरी रंग, एवढीच काय ती सजावट. पंख मिटलेले असताना पट्टा जेमतेम दिसतो, उडताना मात्र लख्ख झळकतो. मादी मातकट तपकिरी, तिच्या खांद्यावर पांढरं काही नाही. ढेकळांत बसली तर नजर तिच्यावरून सरकून जाते. दोघांचीही शेपटी सतत उभी, कधी कधी तर पाठीवर कलेल इतकी.

काळ्या पक्ष्याचा फोटो काढणं म्हणजे उजेडाशी घासाघीस करणं. चौकट काळ्या पिसांनी भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे. तो चित्र उजळतो आणि काळा चीरक राखाडी होऊन बसतो. अशा वेळी एक्सपोजर थोडं खाली आणावं लागतं. तोच पक्षी तारेवर, पांढुरक्या आभाळापुढे बसला तर ते वर न्यावं लागतं, नाहीतर हाती नुसती सावली येते. सूर्य आपल्या पाठीशी असावा. तो तिरपा असेपर्यंतच काळ्या पिसांवरची निळसर झाक दिसते आणि डोळ्यात उजेडाचा बारीक ठिपका उमटतो. हा ठिपका नसेल तर काळ्या तोंडातला काळा डोळा हरवतो आणि पक्षी निर्जीव वाटतो. साडेआठनंतर मी कॅमेरा पिशवीत ठेवतो. मराठवाड्यातल्या दुपारच्या उन्हात काळ्या पक्ष्याचं काही म्हणता काही हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. उभं राहून फोटो काढला की पक्षी जमिनीला चिकटलेला दिसतो. पालथं पडून लेन्स त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणली की मागची धसकटं विरघळून पिवळसर पडदा होतो आणि इवलासा चीरक ऐटीत उभा राहतो. कोपरं खरचटतात, शर्टाला कुसळं चिकटतात. त्याला इलाज नाही.

आणि तिसरी गोष्ट, बसून राहणं. पक्ष्याच्या मागे चाललं की तो तेवढाच पुढे सरकतो. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर तो माणसाला तासभर फिरवेल. एका जागी बसलं की तोच जवळ येतो. मुंग्या, वाळवी, किडे टिपत तो आपल्या हद्दीतून फेऱ्या मारतो आणि त्याच त्या दगडांवर, मेढींवर टेकतो. पहिल्या दिवशी मी कॅमेरा काढतच नाही. वहीत फक्त बैठकी आणि वेळा टिपतो. सगळं काम त्या दिवशीच होतं, बटण दाबणं हा त्यातला शेवटचा भाग.

दयाळासाठी शहरातच पहाटे उठावं लागतं. मार्चपासून जालन्याच्या मोतीबागेसारख्या झाडीच्या ठिकाणी किंवा जुन्या जालन्यातल्या एखाद्या परसात उजाडण्याआधीच त्याची शीळ सुरू होते. शेंड्यावर नाहीतर टीव्हीच्या अँटेनावर बसून तो गातो. हा पक्षी बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. नर वर निळसर काळा आणि पोटाशी शुभ्र, मादीत काळ्याच्या जागी करडा रंग. चकचकीत उन्हात याचं पांढरं फुटतं आणि काळं बुजतं. दोन्ही सांभाळायचं तर सूर्य वर येण्याआधीची पंधरा-वीस मिनिटं नाहीतर ढगाळ सकाळ हवी.

त्याला जवळ आणण्याची सोपी युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवायची. दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला असं समजून तो धावून येतो, छाती फुगवून समोर बसतो. फोटो देखणा येतो. पण तो पक्षी त्या वेळी गात नसतो, नसलेल्या शत्रूशी झुंजत असतो. पिल्लांना चारा भरवायच्या दिवसांत त्याची ती धावपळ फुकट जाते. मी हे करत नाही आणि करणाऱ्याला थांबवतो.

असं ठामपणे सांगतो, कारण एकदा मी स्वतः चुकलो आहे. एप्रिल महिना होता. पडक्या दगडी गडग्याच्या भोकात चीरकाचं घरटं सापडलं. गवताच्या वाटीत जनावरांचे केस अंथरलेले, त्यात सापाच्या कातीचा तुकडा आणि तीन अंडी. चीरक घरट्यात कात आणून ठेवतो हे वाचलं होतं, पण डोळ्यांनी प्रथमच पाहत होतो. भोकासमोर लोंबणारं वाळलं गवत चित्रात आडवं येत होतं. मी ते उपटलं आणि फोटो काढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं. शेतात भारद्वाज होते, मुंगूसही होतं. अंडी कुणी नेली ते पाहिलं नाही, पण आडोसा मी काढला होता. तो फोटो मी कुणालाही दाखवलेला नाही. तेव्हापासून घरटं दिसलं की मी पाऊल मागे घेतो.

आता चीरकाच्या पाठीबद्दल. उत्तर भारतातल्या नराची पाठ तपकिरी असते, दक्षिणेतल्या नराची काळी. मधल्या दख्खनच्या पट्ट्यात दोन्हींमधल्या छटांचे नर दिसतात. तिथल्या उपजातीचं नावच 'इंटरमीडियस', म्हणजे 'मधला', आहे. आपला जिल्हा याच पट्ट्यात येतो, आणि त्याच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते. माझ्याकडच्या फोटोंमध्ये एकाची पाठ गडद काळी आहे, तर दुसऱ्याच्या पाठीवर तपकिरी छटा आहे. हे मला फार उशिरा कळलं, कारण कित्येक वर्षं मी डोळा, छाती आणि उभी शेपटी यांच्याच मागे होतो. पाठमोरा फोटो आला की पुसून टाकायचो. आज त्या पुसलेल्या फोटोंची हळहळ वाटते.

म्हणून अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन, जाफराबाद, कुठेही शेत असणाऱ्या आणि खिशात मोबाइल असणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. विहिरीवर, गोठ्यावर, बांधावर येणाऱ्या काळ्या पाखराकडे एकदा मागून पाहा. उजेड पाठीशी ठेवा, लांबूनच फोटो काढा, गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. महागडी लेन्स नसली तरी चालेल, पाठीचा रंग कळला म्हणजे झालं. असे शंभर गावांचे शंभर फोटो जमले तर तपकिरी कुठे संपते आणि काळी कुठे सुरू होते, हे आपल्याच जिल्ह्यातले लोक पुराव्यानिशी सांगू शकतील.